पेट्रोल टाका, असं मीच म्हणाले होते

चंपाषष्ठीची गर्दी सुरू होण्याआधीच्या एखाद्या रविवारी जेजुरीला जाऊन यायचं, हा आमच्या घरचा जुना नेम. यंदा सासरे, सासूबाई, नणंद, दोन मुलं आणि मी अशी सहा माणसं होतो. नवरा कामासाठी बंगळुरूला गेला होता. आमच्या छोट्या गाडीत सगळे मावणार नव्हते, म्हणून धाकट्या दिरांची सात सीटर काढली. दीर वर्षभरासाठी मस्कतला गेलेत, आणि गाडी नुसती उभी राहून बॅटरी उतरू नये म्हणून चावी आमच्याकडे ठेवून गेलेत. आमची गाडी पेट्रोलवर चालते, त्यांची डिझेलवर. हे मला पक्कं ठाऊक होतं. ती मी आधी दोनदा चालवलीही होती, पण पंपावर न्यायची वेळ आली नव्हती.

सकाळी सव्वासहाला सहकारनगरहून निघालो. स्वारगेट मागे टाकून शंकरशेठ रस्त्याला लागलो तेव्हा काटा तळाला टेकायला आला होता. पंप दिसला, गाडी आत घेतली. मागे मुलांचं खिडकीच्या जागेवरून चाललं होतं, नणंद तळीचं ताम्हन घेतलं का म्हणून विचारत होती, अण्णा (सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) सगळ्यात मागच्या सीटवर डुलकी घेत होते. मी टाकीच्या झाकणाची कळ ओढली, काच खाली केली आणि म्हणाले, "दादा, दोन हजारांचं पेट्रोल टाका."

चौदा वर्षं मी गाडी चालवतेय आणि चौदा वर्षं हेच वाक्य म्हणतेय. शिवाय आपल्या बोलण्यात 'पेट्रोल' या शब्दाला कुंपणच नाही. जिथे डिझेल मिळतं त्या जागेलाही आपण पेट्रोल पंपच म्हणतो. डिझेलची गाडी घेऊन बाहेर पडणारा माणूससुद्धा "जरा पेट्रोल भरून येतो" असंच सांगून जातो. घरात ते चालतं, पंपावर चालत नाही. पंपावरच्या मुलानं "पेट्रोल ना?" असं विचारलं होतं, हे मला नंतर आठवलं. मी मागे वळून मुलांना गप्प करता करता मान हलवली होती.

पेट्रोलचं नोझल बारीक असतं, डिझेलचं जाड. त्यामुळे पेट्रोलच्या बऱ्याच गाड्यांच्या टाकीत डिझेलचं नोझल नीट शिरत नाही आणि चूक तिथल्या तिथे लक्षात येते. उलटं मात्र अडत नाही. डिझेलच्या टाकीच्या तोंडात पेट्रोलचं नोझल आरामात जातं. आमच्याकडेही गेलं. एकोणीस लिटरच्या वर पेट्रोल आत गेलं, मी पैसे दिले, पावती घडी करून डॅशबोर्डवर टाकली आणि निघालो.

पहिला दीड-दोन किलोमीटर काहीच झालं नाही. फिल्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये आधीचं डिझेल असतं, ते संपेपर्यंत एंजिनाला पत्ता लागत नाही. गोळीबार मैदानाचा चौक ओलांडला, पुलगेट गेलं. रेसकोर्सच्या बाजूला ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. आवाज बदलला. डिझेल एंजिनाची नेहमीची टकटक नव्हे, डब्यात कुणी खिळे हलवावेत तशी खडखड यायला लागली. आरशात मागे पांढरा धूर दिसला, डॅशबोर्डवर एंजिनाचा पिवळा दिवा लागला. एवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, "नॉकिंग करतीय. बाजूला घे. बंद कर."

अण्णा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षं झाली. पण एंजिन बिघडलं की त्यांची झोप पहिली मोडते. भैरोबा नाल्याच्या अलीकडे गाडी डावीकडे घेऊन मी बंद केली. पुन्हा एकदा चालू करून बघावं म्हणून हात चावीकडे गेला, तर ते जवळजवळ ओरडलेच, "सेल मारू नको! चावी काढ आधी."

ते खाली उतरले, टाकीचं झाकण उघडलं आणि तोंडाशी वाकून वास घेतला. मग कडेला राहिलेला थेंब बोटावर घेऊन चोळला. मला म्हणाले, "तूही बघ." बोट गार पडलं आणि दोन क्षणांत कोरडं झालं. डिझेल असतं तर चिकट राहिलं असतं, साबण लावल्याशिवाय गेलं नसतं. मी डॅशबोर्डवरची पावती उघडली. तिच्यावर वस्तू, लिटर, दर सगळं स्वच्छ छापलेलं होतं. दर शंभराच्या पुढचा. डिझेल तेव्हा पुण्यात नव्वदच्या आसपास मिळत होतं. पंपावर मीटरकडे एकदा जरी पाहिलं असतं तरी तो आकडा डोळ्यात भरला असता.

मला रडू आलं. गाडी माझी नव्हती. मागे पुरणपोळीचा नैवेद्य होता, आणि सासूबाईंचा त्या दिवशीचा उपास जेजुरीला दर्शन झाल्यावरच सुटणार होता. अण्णा एवढंच म्हणाले, "तू काय म्हणालीस त्याला?" मी सांगितलं. ते पुढे काही बोलले नाहीत. नणंदेनं रिक्षा थांबवली. ती, सासूबाई आणि मुलं हडपसरला जाऊन तिथून बसनं पुढे जायचं ठरलं. भंडारा, नारळ आणि नैवेद्याचा डबा त्यांच्याबरोबर दिला. मी आणि अण्णा गाडीपाशी थांबलो.

विम्याच्या पॉलिसीवर रस्त्यावरच्या मदतीचा नंबर होता. फोन लावला. पॉलिसी दिरांच्या नावावर, म्हणून ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाणार होता. मस्कतला तेव्हा पहाटेचे साडेपाच. त्यांना उठवलं आणि आधी झालेली गोष्ट सांगितली, मग ओटीपी मागितला. ते क्षणभर गप्प राहिले. मग विचारलं, "वहिनी, किती चालली त्यानंतर?" मी म्हटलं, "तीन किलोमीटरच्या आत." "अण्णा आहेत ना तिथे?" "आहेत." "मग ते सांगतील तसं करा." ओटीपी आला.

कंपनीच्या बाईंनी बिघाडाचं कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं. आमच्या पॉलिसीत गाडी उचलून गॅरेजपर्यंत नेणं फुकट होतं, पण चुकीच्या इंधनानं एंजिनाचं काही झालं तर ते भरून मिळणार नव्हतं. एंजिन प्रोटेक्ट नावाचं जे जादाचं कलम घेतलं होतं ते पाणी शिरण्यापुरतं होतं. हे मला तिथे, रस्त्याच्या कडेला उभं राहून पहिल्यांदा कळलं. गाडी दोर लावून ओढायची नाही, चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच पाठवा, असं अण्णांनी फोन हातात घेऊन बजावलं. त्याला सव्वा तास लागणार होता.

त्या सव्वा तासात अण्णांनी मला फुटपाथवर बसवून जे समजावलं ते मी विसरणार नाही. पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी पडते तेव्हा इंधन पेटतं. डिझेलच्या एंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेट घेतं. म्हणजे डिझेलचा गुण लवकर पेटण्याचा आणि पेट्रोलचा गुण दाबाखाली न पेटण्याचा. असं पेट्रोल डिझेलच्या एंजिनात गेलं की ते उशिरा आणि मग एकदम पेटतं. ती खडखड त्याची होती. "पण खरी भीती ती नाही," ते म्हणाले. "खरी भीती पंपाची." डिझेल अंगानं तेलकट असतं. आताच्या गाड्यांत डिझेल दाबानं पुढे ढकलणाऱ्या हायप्रेशर पंपाला आणि ते एंजिनात फवारणाऱ्या नोझलना वंगण म्हणून तेवढंच मिळतं, दुसरं काही नाही. पेट्रोल हे वंगण धुऊन काढतं. मग धातूवर धातू कोरडा घासतो, त्याचा चुरा सुटतो, आणि तो चुरा रेलमधून, म्हणजे दाबातलं डिझेल नोझलना वाटणाऱ्या नळीतून, थेट नोझलच्या केसाएवढ्या भोकांत जाऊन बसतो.

मी विचारलं, "पूर्वी ड्रायव्हर लोक थंडीत डिझेलमध्ये रॉकेल घालायचे ना?" त्यावर त्यांनी हात झटकला. "त्या वेळच्या पंपाला एंजिन ऑइल मिळायचं. दाब दोनशे बारच्या आसपास. ह्या गाडीत दीड हजार बार होतो. तुझ्या टायरमध्ये किती असतो माहितीय? सव्वादोन." मी गाडी चालवायला शिकले, टायर बदलायला शिकले, पण माझ्या पायाखाली असं काही चाललेलं असतं याची मला कल्पनाच नव्हती.

अण्णांच्या हाताखाली तयार झालेले एक मिस्त्री आता रामटेकडीला डिझेलच्या पंप-नोझलचं काम करतात. रविवार असूनही त्यांनी शटर उघडलं. अण्णांच्या पाया पडले आणि मला पहिलाच प्रश्न केला, "ताई, बंद पडल्यावर किती वेळा सेल मारला?" मी म्हटलं, "एकदाही नाही. बंद पडायच्या आतच बंद केली." ते म्हणाले, "मग बघू." नुसती चावी फिरवली तरी टाकीतला छोटा पंप चालू होतो आणि आतलं सगळं पुढे ढकलतो, म्हणून हा प्रश्न. पंपावरच लक्षात आलं असतं आणि गाडी सुरूच केली नसती, तर टाकी रिकामी करून तासाभरात घरी गेले असते.

पुढचं काम त्यांनी शेडच्या बाहेर, उघड्यावर केलं. बॅटरीची वायर काढली, वाळूची बादली आणि आग विझवायचं सिलिंडर जवळ आणून ठेवलं, समोरच्या चहावाल्याला स्टोव्ह बंद करायला लावला. डिझेलची वाफ साध्या हवेत सहज पेटत नाही. पेट्रोलची शून्याच्या खाली चाळीस अंशांवरही पेटू शकते. दोन्ही मिसळल्यावर ते पेट्रोलसारखंच वागतं, म्हणून इतकी काळजी. हाताखालचा पोरगा नळी तोंडात धरून ओढायला वाकला, तसे अण्णा खुर्चीतून उठले. पेट्रोल असं ओढताना छातीत गेलं तर माणूस दवाखान्यात जातो. मिस्त्रींनी पोराच्या हातातून नळी काढून घेतली आणि हातपंप दिला.

मला वाटलं होतं, कॅनमध्ये दोन थर दिसतील, वर पेट्रोल आणि खाली डिझेल, वरचं अलगद काढून घेता येईल. तसं होत नाही. दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि कितीही वेळ ठेवलं तरी वेगळी होत नाहीत. सव्वीस लिटर निघालं. फिकट, पाणीदार, नाकाला झोंबणारं. एका शेजारच्या गॅरेजवाल्यानं सुचवलं की थोडं थोडं करून जुन्या रिक्षात किंवा टेम्पोत घालून संपवा. मिस्त्री नाही म्हणाले. त्यांनी ते कॅन बंद करून सुटे भाग धुवायला ठेवलं. गटारात एक थेंब गेला नाही, याचं मला बरं वाटलं. इथलं गटार शेवटी मुळा-मुठेलाच मिळतं.

मग फिल्टर उघडला. त्यातलं तेल त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओतलं, बरणी उन्हात धरली आणि हळूहळू फिरवली. चुरा असेल तर चंदेरी चमक दिसते. चमक दिसली तर हायप्रेशर पंप, रेल आणि चारही नोझल बदलायची, खर्च लाखाच्या पुढे. कुणी बोलत नव्हतं. तळाशी दोन-तीन काळे कण होते. मिस्त्रींनी बरणीला बाहेरून लोहचुंबक लावला आणि वर सरकवला. कण जागचे हलले नाहीत. फिल्टरचा कागद चिरून त्याच्या घड्या उलगडून पाहिल्या, त्याही स्वच्छ. "धूळ आहे," ते म्हणाले. मी तिथेच पायरीवर बसले आणि मनात येळकोट म्हटलं.

टाकी उतरवून जाळी धुतली, नळ्यांमधून ताजं डिझेल सोडलं, नवा फिल्टर घातला, नळ्यांत अडकलेली हवा हातानं काढली. चौथ्या सेलला एंजिन लागलं. आधी भपकन पांढरा धूर, मग खोकल्यासारखे दोन-तीन धक्के, आणि मग नेहमीची टकटक. तो आवाज मला इतका गोड कधीच वाटला नव्हता. स्कॅनर लावला, रेलचा दाब पावणेतीनशे बारच्या जवळपास स्थिर होता. शेवटी चारही नोझलच्या परतीच्या नळ्यांना चार छोट्या बाटल्या लावल्या आणि एंजिन चालू ठेवलं. नोझल झिजली असेल तर तिच्या बाटलीत जास्त तेल जमतं. तीन बाटल्या सारख्या भरल्या, तिसऱ्या नंबरची बोटभर जास्त. मिस्त्री म्हणाले, "हे आजचं आहे की आधीचं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मर्यादेत आहे. पाचशे किलोमीटर चालवा आणि परत या. आज मी तुम्हाला नोझल विकणार नाही." ज्यांना त्या क्षणी मी मागतील तेवढे पैसे दिले असते, त्यांनी हे सांगितलं.

हिशोब असा झाला. फिल्टरचे १,१५०, टाकी उतरवून सगळं धुण्याची मजुरी ३,५००, स्कॅनर आणि बाटल्यांच्या तपासणीचे १,५००, वीस लिटर ताज्या डिझेलचे १,८००, आणि वाया गेलेलं पेट्रोल २,००० रुपयांचं. एकूण ९,९५० रुपये. दिरांना मी बिलाचा फोटो पाठवला आणि पैसे आमच्याकडून जातील असंही कळवलं.

संध्याकाळी घरी वेगळंच तापलं. नणंदेचे यजमान आले होते. पंपावर जाऊन भरपाई वसूल करू, असं त्यांचं म्हणणं. गाडीवर डिझेल लिहिलेलं असताना त्यानं बघायला नको का? त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. खरंच पंपावरच्या माणसानं चूक केली तर पावती जपून ठेवावी, कॅमेऱ्याचं चित्रण मागावं, तक्रारवहीत लिहावं, दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. पण इथे तसं झालं नव्हतं. दिरांच्या गाडीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर केव्हाच उडालं होतं आणि मागितलं पेट्रोल मी होतं.

तरी मी पंपावर गेले, त्यांच्याबरोबरच. एकटे गेले असते तर त्या मुलाची नोकरी गेली असती, अशी मला भीती होती. सकाळचाच मुलगा ड्यूटीवर होता. वीस-बावीसचा असेल. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला, म्हणजे कुणीतरी आधीच फोन केला होता. मॅनेजरनी आत बसवलं आणि चित्रण दाखवलं. आवाज नव्हता. चित्रात मी काच खाली करते, काहीतरी बोलते, तो वाकून काहीतरी विचारतो, मी मागे तोंड करून मान हलवते. आवाज नाही म्हटल्यावर मी काय बोलले ते माझ्याशिवाय आणि त्या मुलाशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही लेखी दिलंत तर त्याच्या पगारातून कापू आम्ही." अगदी सहज म्हणाले, माझी समजूत काढायला.

मी तक्रारवही मागितली. तीत लिहिलं की आज सकाळी मी डिझेलच्या गाडीसाठी पेट्रोल मागितलं, कर्मचाऱ्यानं पुन्हा विचारून खात्री केली, चूक पूर्णपणे माझी आहे, त्याच्याकडून काहीही वसूल करू नये. खाली सही, तारीख. नणंदेचे यजमान गाडीत जाऊन बसले. ते अजूनही त्या विषयावर माझ्याशी थोडे तुटकच आहेत. तो मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, मी डिझेल का असं विचारायला पाहिजे होतं. आवाज तर डिझेलचाच होता." मी त्याला सांगितलं, की तुला विचारायचं होतं तेवढं तू विचारलंस.

दुसऱ्या दिवशी मुलीनं रंगाचा डबा काढला आणि टाकीच्या झाकणाच्या आत पांढऱ्या अक्षरांत 'डिझेल' लिहिलं. महिनाभर गाडी रोज थोडी थोडी चालवली. त्यात एक रविवार अण्णांना घेऊन जेजुरीला, कारण दोघांचंही दर्शन राहिलं होतं. दिवे घाट चढताना त्यांनी काच खाली केली आणि वरपर्यंत बोलले नाहीत. मीही नाही. मस्तानी तलाव खाली दिसायला लागला तेव्हा त्यांनी काच वर केली आणि डब्यातला चिवडा काढला.

पाचशे चाळीस किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींकडे गेले. पुन्हा चार बाटल्या लावल्या. तिसरी तेवढीच, बोटभर जास्त, पहिल्यापेक्षा एक रेघही वाढलेली नाही. "आधीचंच असणार," ते म्हणाले आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

परत येताना काटा पुन्हा खाली आला होता. मी मुद्दाम त्याच पंपावर वळले. तोच मुलगा होता. गाडी बंद केली, खाली उतरले, झाकण माझ्या हातानं उघडलं. म्हणाले, "डिझेल. दोन हजारांचं डिझेल." त्यानं झाकणातली पांढरी अक्षरं वाचली, जाड नोझल उचललं आणि मला दाखवून म्हणाला, "डिझेल." मी म्हटलं, "हो, डिझेल." त्यानं मीटरकडे बोट केलं, शून्य. शेजारचा दर मी वाचला, नव्वद रुपये आणि वर काही पैसे. मग त्याला म्हटलं, "टाक."